धान्य खाऊन बसलेल्या जनावराला सोडाबायकार्बची सलाईन: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मराठवाड्यात वर्षातून तीन वेळा एकच तक्रार हमखास येते. ज्वारीची रास घरात आल्यावर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि लग्नसराईत. "डॉक्टर, गाईनं रात्री पोत्यात तोंड घातलं, सकाळपासून बसली ती उठंना." डॉक्टर पोचेपर्यंत तिला तेल पाजलेलं असतं, चिंचेचं पाणी पाजलेलं असतं, कोणी ताकही ओतलेलं असतं. मग आग्रह सुरू होतो की एक सलाईन लावून टाका. एक बाटली जाते, गाय जरा डोळे उघडते, सेट काढून ठेवतात, आणि पहाटे गाय दगावते.

अशा वेळी बहुतेकदा औषध बरोबर असतं, पण क्रम चुकलेला असतो, मात्रा अपुरी पडलेली असते आणि पोटाकडे कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून हा लेख. तो दावणीपाशी उभ्या असलेल्या मालकासाठी आहे आणि डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्यासाठीही. शिरेतून औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, ते घरी करून पाहू नका. पण काय चाललंय ते मालकाला कळत असेल तर तयारी वेळेत होते, आणि अर्ध्यावर सलाईन काढा म्हणून तो घाईही करत नाही.

आधी एवढं समजून घ्या. ज्वारी, मका, गहू, शिजलेला भात, पोळ्या यांत पिष्ट भरपूर असतं. ते एकदम पोटात गेलं की कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं, सगळ्यात मोठं पोट) ठरावीक जिवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. निरोगी कोठीपोटाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ असतो. तो ५.५ च्या खाली गेला की गडबड सुरू झाली समजा, ५ च्या खाली गेला की जिवाला धोका. पोटातला द्रव दाट झाल्यामुळे शरीरातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. म्हणून पोट पाण्यानं डुचमळतं आणि त्याच वेळी डोळे खोल जातात. आम्ल रक्तात उतरतं, रक्ताचा सामू ७.४ वरून घसरू लागतो, हृदय आणि मूत्रपिंड थकतात. शिरेतून दिलेला सोडाबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट, पुढे नुसता सोडा) रक्तातलं आम्ल मारतो. पोटातलं आम्ल मात्र तसंच राहतं. पोट रिकामं न करता नुसती सलाईन लावणं म्हणजे झरा चालू ठेवून विहीर उपसणं.

टप्पा १: हे आम्लच आहे का, ते ठरवा

सोडा देण्याआधी हा टप्पा कधीही गाळू नका. आणखी चार आजार वरवर याच्यासारखेच दिसतात, आणि त्यांतल्या दोघांत सोडा उलटा पडू शकतो.

धान्याच्या आम्लविषबाधेत त्रास हळूहळू वाढतो. खाल्ल्यावर साधारण ६ ते १२ तासांत जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतं, चाल झिंगल्यासारखी होते. शेण पातळ, फिकट पिवळसर करडं येतं आणि त्याला आंबूस वास येतो. खाली बसणं, मान कुशीत घालून पडणं हे त्यानंतर, २४ ते ४८ तासांत. खात्री करायची तर त्यातलं ओंजळभर शेण बादलीत पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून गाळा. जाळीवर अख्खे दाणे राहिले तर शंका उरत नाही.

युरियाची विषबाधा याच्या उलट असते. खताच्या पोत्याला तोंड लागलं किंवा युरिया प्रक्रियेचा चारा नीट मिसळला गेला नाही, तर २० मिनिटं ते तासाभरात थरथर, तोंडाला फेस, हंबरडा आणि झटके. यात पोट आम्लाऐवजी अल्कलीकडे गेलेलं असतं. इथे व्हिनेगर आणि थंड पाणी दिलं जातं. सोडा दिला तर हाल वाढतात.

सोयाबीनचं प्रकरण आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवं, कारण लातूर, धाराशिव, बीड, हिंगोली, नांदेड सगळीकडे ऑक्टोबरात सोयाबीनचे ढीग उघड्यावर असतात. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर आणि कच्च्या दाण्यात युरियाचा अमोनिया करणारं विकरही (एन्झाइम) असतं. त्यामुळे पोटात आम्लाबरोबर अमोनियाही तयार होऊ शकतो. सोयाबीन खाल्लेल्या जनावराला ज्वारीच्या हिशेबानं सोडा देऊ नका. पोटातल्या पाण्याचा सामू पाहूनच डॉक्टर काय ते ठरवतील.

कोवळी ज्वारी किंवा खोडव्याचे हिरवे फुटवे खाल्ल्यानं होणारी विषबाधा वेगळी. तिचा दाण्याशी काही संबंध नाही. ती सायनाइडची असते, काही मिनिटांत धाप लागते, आणि तिचा उतारा सोडियम थायोसल्फेट व सोडियम नायट्राइट हा आहे. फोनवर नुसतं "ज्वारी खाल्ली" म्हणू नका. दाणे की हिरवं पीक, हे आधी सांगा.

चौथा दुग्धज्वर. नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस आडवी पडली, कान गार, शेण घट्ट किंवा बंद, तर आधी कॅल्शियमचा विचार होतो.

तपासा: काय खाल्लं, अंदाजे किती, आणि किती वाजता. या तीन गोष्टी कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. पुढचं सगळं यावर चालतं.

टप्पा २: डॉक्टर येईपर्यंतचा वेळ

फोन आधी करा, घरगुती उपाय नंतर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जनावर उभं असतानाच फोन करा, बसल्यावर नव्हे.

उरलेलं धान्य समोरून हटवा आणि कळपातल्या बाकीच्या जनावरांनी काय खाल्लं तेही पाहा. एक गाय आजारी दिसते आणि तिच्या शेजारची दुसऱ्या दिवशी पडते, हे वारंवार घडतं. ज्यांनी खाल्लं पण अजून ठीक आहेत त्यांना फक्त कोरडा कडबा टाका आणि तासातासानं फिरवा. डॉक्टर सांगेपर्यंत पाण्याच्या हौदावर मोकळं सोडू नका. तहानेनं ते पोटभर पाणी पितात आणि आंबलेल्या धान्यावर आणखी पाणी साचतं.

सावधान: बाटलीनं काहीही पाजू नका. झिंगलेल्या जनावराचं डोकं वर धरून तोंडात तेल, ताक, सोडा ओतला की तो श्वासनळीत उतरतो आणि मग आम्लाबरोबर फुप्फुसाची सूज सांभाळावी लागते. तेल फेसाळ पोटफुगीवर चालतं, इथे त्याचा उपयोग नाही. चिंच, लिंबू आणि ताक ही स्वतःच आंबट आहेत. खाण्याच्या सोड्याची मोठी मात्रा एकदम दिली तर आम्लाशी मिळून पोटात भरपूर वायू सुटतो आणि आधीच न हलणारं पोट टरटरून फुगतं. तोंडावाटे आम्लनाशक द्यायचं असेल तर ते डॉक्टर जठरनळीतून (पोटापर्यंत घातलेल्या नळीतून) देतील.

जनावर पूर्ण कुशीवर पडलं असेल तर दोन्ही बाजूंना भुसा किंवा मातीनं भरलेली पोती लावून छातीवर बसतं करा. उन्हात असेल तर सावलीत घ्या. उन्हात बांधलेल्या जनावराला थर्मामीटर ताप दाखवतो आणि निदान चुकतं. या आजारात अंगाचं तापमान नेहमीच्या १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या खालीच जाण्याकडे कल असतो.

टप्पा ३: मांडणी

हे सगळं सुई टोचायच्या आधी जवळ हवं: सोडाबायकार्ब (इंजेक्शनच्या दर्जाचं), विरळ करायला निर्जंतुक पाणी, नॉर्मल सलाईनच्या बाटल्या, दोन आयव्ही सेट, शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी किंवा सुई (गायी-म्हशीला १४ किंवा १६ गेज, शेळीला १८), कात्री किंवा ब्लेड, स्पिरिट, कापूस, चिकटपट्टी, म्होरकी आणि दोर, सामू पाहायच्या पट्ट्या, थर्मामीटर, घड्याळ, आणि बाटली धरायला किंवा टांगायला सोय. एक माणूस फक्त डोकं धरायला लागतो. बाटली धरणाऱ्यानंच डोकंही धरायचं ठरवलं तर पहिल्या झटक्यात सुई बाहेर येते.

बाटली आणि अँप्यूलवरची टक्केवारी वाचा. भारतात सोडाबायकार्ब साधारणपणे ७.५ टक्क्यांचं, १० किंवा २५ मिलिच्या अँप्यूलमध्ये मिळतं. ८.४ टक्क्यांचंही असतं. दोन्हींचा हिशेब वेगळा.

सावधान: किराणा दुकानातला खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, गाळून, उकळून शिरेत देणं हा प्रकार अजूनही कानावर येतो. तो जीवघेणा आहे. तो निर्जंतुक नसतो, त्याची तीव्रता माहीत नसते, आणि उकळल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊ लागतं, जे शिरेला फार दाहक असतं. तसंच निर्जंतुक पाणी एकटं कधीही शिरेत सोडू नका. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. ते फक्त विरळ करायला.

टप्पा ४: वजन आणि हिशेब

गोठ्यात काटा नसतो, पण फीत असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर १६० आणि लांबी १३० असलेली लाल कंधारी गाय अशा हिशेबानं ३०७ किलोची निघते. आपण ३०० धरू. नजरेचा अंदाज बऱ्याचदा पन्नास किलोंनी चुकतो, म्हणून फीत लावाच.

आता आम्लाचा हिशेब. प्रौढ जनावरासाठी: वजन (किलो) × ०.३ × अल्कलीची तूट. ही तूट रक्ताच्या तपासणीत कळते. गोठ्यात तपासणी नसली तर डॉक्टर लक्षणांवरून अंदाज धरतात. चालत असलेल्या जनावरात ती कमी, बसलेल्यात जास्त, कुशीवर आडव्या पडलेल्यात फार. वासरांसाठी ०.३ ऐवजी मोठा गुणक वापरतात, तो मोठ्या जनावराला लावू नका.

आपल्या ३०० किलोच्या गाईत तूट १५ धरली तर ३०० × ०.३ × १५ = १३५० मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्कली मोजायचं एकक). सोडाबायकार्बच्या १ ग्रॅममधून सुमारे १२ मिळतात. म्हणजे ११२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७.५ टक्क्यांचं दीड लिटर, म्हणजे २५ मिलिचे ६० अँप्यूल.

हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. रात्री अकरा वाजता तालुक्याच्या मेडिकलमध्ये ६० अँप्यूल मिळत नाहीत. जे पाच-सहा मिळाले ते लावून "सोडा दिला" असं समाधान करून घेतलं जातं. एवढ्यानं मोठ्या गाईचं आम्ल जेमतेम हलतं. म्हणून धान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गावातल्या दूध संकलन केंद्राने किंवा पशुपालक गटाने डॉक्टरांना विचारून साठा करून ठेवावा. हे मी आग्रहानं सांगतो.

शेळीचं चित्र याहून बरं आहे. ३० किलोची उस्मानाबादी शेळी, तीच १५ ची तूट: १३५ मिलीइक्विव्हॅलंट, ११ ग्रॅमच्या वर थोडं, १५० मिलि, म्हणजे फक्त ६ अँप्यूल. शेळी वाचवता येते. मात्र ती फार झपाट्यानं खालावते, तिच्यासाठी तास मोजावे लागतात.

तपासा: हिशेब दोघांनी वेगवेगळा करून आकडा जुळतोय का पाहा. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर शेळी त्यातून वाचत नाही.

टप्पा ५: आधी पोट

सलाईन लावायची घाई असते, पण त्याआधी किंवा निदान तिच्याबरोबरच पोटाकडे जायचं. याला एक शरीरातलं कारणही आहे. शिरेतला सोडाबायकार्ब आम्लाशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो श्वासावाटे बाहेर टाकावा लागतो. डावी भकाळी (बरगड्यांमागची कुशीची खोलगट जागा) वर आलेली, पोट फुप्फुसावर दाबलेलं, श्वास उथळ, अशा जनावराला तो बाहेर टाकता येत नाही. मग दिलेला सोडाच त्रासदायक ठरतो. त्यामुळे वायू आधी काढायचा.

डॉक्टर जठरनळी घालतात. आत गेलेली नळी अन्ननलिकेतच आहे याची खात्री होईपर्यंत तिच्यातून थेंबभरही काही सोडत नाहीत. नळीतून आलेलं पाणी पट्टीवर घ्या. दुधट करडं, आंबट वासाचं आणि सामू ५ किंवा त्याखाली, म्हणजे निदान पक्कं. मग कोमट पाणी आत सोडून, भकाळी चोळून, ते पुन्हा बाहेर काढणं. हे एकदोनदा करून भागत नाही. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत दहा-पंधरा वेळा तरी करावं लागतं. इथे माणसं लागतात, पाणी लागतं, आणि मालकानं कंटाळून चालत नाही.

धुतल्यावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखं आम्लनाशक कोमट पाण्यात मिसळून नळीतूनच दिलं जातं. मोठ्या जनावराला पहिली मात्रा किलोमागे १ ग्रॅमपर्यंत असते, शेळीला त्याच प्रमाणात कमी.

खूप धान्य खाऊन जनावर आडवं पडलं असेल आणि नाडी मिनिटाला १२० च्या पुढे गेली असेल, तर धुण्यावर भागत नाही. डाव्या भकाळीतून कोठीपोट उघडून धान्य हातानं काढावं लागतं. परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत अशा शस्त्रक्रिया होतात. गाडीत घालून नेणं जमणार असेल तर निर्णय पहिल्या काही तासांतच घ्या. दुसऱ्या दिवशी नेलेल्या जनावरात सर्जनला करण्यासारखं फार थोडं उरतं.

टप्पा ६: शीर धरणं

मानेच्या खाचेतली मोठी शीर वापरतात. केस कापून जागा स्पिरिटनं पुसा आणि सुकू द्या. खाचेत खालच्या बाजूला अंगठा दाबला की वर शीर दोरासारखी उठते.

नळी आत गेल्यावर बाटली लगेच उघडू नका. सेटमधली सगळी हवा आधी बाहेर काढलेली हवी. मग सेट जोडून बाटली क्षणभर जनावराच्या मानेच्या खाली धरा. सेटच्या नळीत गडद रक्त मागे येताना दिसलं म्हणजे आपण शिरेतच आहोत. दिसलं नाही तर पुन्हा बघा. ही पाच सेकंदांची तपासणी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त महागात पडते. तीव्र सोडाबायकार्ब शिरेबाहेर मांसात गेला तर मान सुजते, कातडी काळी पडून सडते, आणि ती जखम महिनाभर पुरते.

सावधान: चालू सलाईनमध्ये मानेवर फुगा येताना दिसला तर थेंब कमी करून वाट पाहू नका. बंद करा, काढा, दुसऱ्या बाजूची शीर घ्या.

टप्पा ७: सलाईन चालवणं

पद्धती दोन आहेत आणि त्या एकामागून एक वापरतात.

अत्यवस्थ, आडव्या मोठ्या जनावराला आधी ५ टक्क्यांचं द्रावण. ठोकताळा ४५० किलोला ५ लिटर, सुमारे अर्ध्या तासात. त्याच प्रमाणात ३०० किलोला सव्वातीन लिटरच्या आसपास येतं. वरच्या हिशेबापेक्षा हे जास्त आहे, कारण हा ठोकताळा सगळ्यात वाईट अवस्थेतल्या जनावरासाठी आहे. बसलेलं पण मान धरून असलेलं जनावर असेल तर हिशेबानं आलेल्या मात्रेचा अर्धा भाग आधी, मग पुन्हा तपासणी, मग उरलेलं, ही वाट मला जास्त सुरक्षित वाटते. ७.५ टक्क्यांचं ५ टक्के करायचं तर १०० मिलिमागे ५० मिलि निर्जंतुक पाणी.

त्यानंतर सौम्य, रक्ताच्या तोडीचं द्रावण. ते १.३ टक्क्यांचं. ५०० मिलिच्या निर्जंतुक पाण्याच्या बाटलीतून १०० मिलि काढून टाका आणि तिथे ७.५ टक्क्यांचं १०० मिलि, म्हणजे २५ चे चार अँप्यूल, घाला. द्रावण दीड टक्क्याचं होतं, तेही चालतं. हे पुढच्या ६ ते १२ तासांत नॉर्मल सलाईनच्या जोडीनं जातं. गाईला एकूण द्रव लिटरनं नाही, बादलीनं मोजावा लागतो हे लक्षात ठेवा. वाळलेल्या मोठ्या जनावराला ५०० मिलिची एक बाटली म्हणजे काहीच नाही.

शेळीला पहिले तीन अँप्यूल विरळ करून अर्ध्या ते एका तासात, उरलेले पुढच्या काही तासांत. शेळीत घाई महागात पडते, थेंब मोजूनच सोडा.

इथल्या चुका नेहमीच्या आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम एका बाटलीत, एका सेटमधून कधीही नको. दोन्ही भेटले की सेटच्या नळीत पांढरी, पिठासारखी कणी धरते. ती डोळ्यांना दिसते. ती शिरेत गेली तर काय होईल ते सांगायला नको. कॅल्शियम द्यायचंच असेल तर वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी. याच कारणानं सोडा रिंगर लॅक्टेटच्या बाटलीतही घालू नका. त्यात कॅल्शियम असतं, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. शिवाय रिंगर लॅक्टेटमधल्या लॅक्टेटचं बायकार्बोनेट यकृतात व्हावं लागतं. यकृताला नीट रक्त मिळत नसलेल्या जनावरात ते सोड्याची जागा घेऊ शकत नाही.

"ग्लुकोज लावा, ताकद येईल" ही मागणी मालक मनापासून करतो. पण आम्लावर ग्लुकोजचा उपयोग नाही, आणि त्यानं लावलेली बाटली सोड्याचा वेळ खाते.

त्याच सेटमधून मध्येच दुसरं इंजेक्शन ढकलू नका. काही औषधं सोड्याच्या अल्कलीत निकामी होतात. ती वेगळीच द्यायची.

थंडीत बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. आधीच गार पडलेल्या अंगात बर्फासारखं पाणी सोडू नये.

टप्पा ८: दर अर्ध्या तासाला काय पाहायचं

एक कागद घ्या, त्यावर वेळ लिहा आणि पुढे नाडी, श्वास, तापमान, लघवी. नाडी शेपटीच्या खालच्या बाजूला बोटांना लागते. ती १०० च्या खाली उतरू लागली की हायसं वाटायला हरकत नाही. १२० ते १४० वरच अडकली तर मालकाला खरं सांगा.

सगळ्यात मोठी खूण लघवीची. मूत्रपिंडं बंद पडलेल्या जनावराला लघवी होत नाही. सलाईन सुरू असताना गाईनं पहिली लघवी केली की उपचाराला वाट मिळाली समजा. ती पट्टीवर घ्या. निरोगी गाईची लघवी अल्कलीकडे, सामू ७ ते ८ किंवा थोडा वर असते. आम्लविषबाधेत ती आम्लाकडे वळलेली असते. ती पुन्हा ७ च्या वर आली की सोडा थांबवायचा का, याचा विचार डॉक्टर करतात.

थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा, जर: अंगाची थरथर किंवा पायांना ताठरता आली (सोडा जास्त झाल्यावर रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं), खोकला सुरू झाला किंवा नाकातून फेस आला (द्रव फुप्फुसात साचतोय), श्वास मंद आणि उथळ झाला, किंवा उठायला लागलेलं जनावर अचानक ढिलं पडलं (पोटॅशियम उतरण्याची शक्यता). "अजून एक बाटली" हा या चारांवर उपाय नाही.

जनावर उठून उभं राहिलं की मालकाला वाटतं झालं काम. सेट त्या क्षणी काढू नका. पोटात राहिलेल्या आंबणापासून आम्ल पुन्हा रक्तात येत राहतं आणि जनावर चार-पाच तासांनी पुन्हा बसतं. राहिलेली मात्रा पूर्ण करा.

टप्पा ९: पुढचे दिवस

डॉक्टर बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण बिघडलेल्या कोठीपोटात ते तयार होत नाही आणि त्याच्या अभावी मेंदूवर परिणाम होऊन जनावर आंधळ्यासारखं भिंतीवर डोकं टेकवतं. खुरांचा दाह होऊ नये म्हणूनही औषध असतं. आठ-दहा दिवसांत गाय खुर उचलून ठेवायला लागली, दगडावर चालायला नको म्हणू लागली तर ते आधीच्या आजाराचंच आहे हे ओळखा. प्रतिजैविकं दिली असतील तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

रवंथ परतण्यासाठी निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं ताजं पाणी नळीतून देणं हा फार चांगला उपाय आहे. मोठ्या जनावराला किमान ३ लिटर, जमलं तर ८ लिटर किंवा जास्त. ते काढल्यावर लगेच, कोमट असतानाच द्यायचं, कारण त्यातले जीव गार पडले की मरतात.

चारा पहिले दोन-तीन दिवस फक्त कोरडा कडबा किंवा गवत. भरडा, सरकी, पेंड, कणी काहीही नाही. मग मूठमूठ वाढवत दोन-तीन आठवड्यांत नेहमीच्या खुराकावर या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठीक दिसणारं जनावर पुन्हा चारा सोडू लागलं, ताप आला, तर कोठीपोटाच्या आतल्या भिंतीला सूज किंवा बुरशी लागलेली असू शकते. त्या दिवशीच पुन्हा दाखवा, "आता तर बरं होतं" म्हणून आठवडा घालवू नका.

आणि पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास द्या, पण टोपली त्याच्यासमोर ठेवू नका. लग्नातलं उरलेलं अन्न गोठ्यामागे टाकू नका, ते खड्ड्यात पुरा. रास झालेल्या खोलीला कडी लावा, आणि ती शेळीच्या डोक्यानं उघडणारी नाही ना, ते एकदा ढकलून पाहा.